बिडाचे कवच जाड केल्याने समुद्रातील केबल वाचेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील तुमच्या फाउंड्रीकडे समुद्रातील पवनचक्क्यांच्या वीजवाहक केबलभोवती बसवायच्या कवचाची चौकशी आली आहे. हे कवच एस. जी. आयर्नचे (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या चिवट बिडाचे), दोन अर्ध्या भागांचे आणि बोल्टने जोडायचे आहे. आधी वापरलेली प्लास्टिकची कवचे खांबाच्या पायथ्याशी टाकलेल्या दगडांवर घासून झिजली, असे ग्राहकाने कळवले आहे. भिंतीची जाडी १० मिलिमीटरवरून १५ मिलिमीटर केली तर काम भागेल का, आणि मुळात खांबाभोवती दगड टाकण्यापेक्षा दुसरी चांगली पद्धत नाही का, असे तुम्ही विचारले आहे.

मी बेळगावचाच. समुद्रतळाच्या मातीची तपासणी, खांबांचे पाये आणि त्यांच्या भोवतीचे संरक्षण हे माझे काम. ते आधी मुंबई हायच्या तेलक्षेत्रात आणि पुढे उत्तर समुद्रात केले. जाडी वाढवण्याचा उपयोग होतो, पण तो झीज सोसण्यासाठी फारसा होत नाही, वजनासाठी होतो. तेवढ्याने प्रश्न मिटेल की नाही, हे त्या जागच्या प्रवाहावर, लाटांवर, तळाच्या मातीवर आणि दगड कोणत्या क्रमाने टाकले जाणार आहेत यावर ठरते. ही माहिती ग्राहकाने दिलेली नसेल तर तुमच्या ड्रॉइंगवरील जाडीचा आकडा हा अंदाजच राहील.

आधी झिजेचा विचार करू. एखादी वस्तू किती झिजेल हे ती किती जोराने दाबली जाते, दगड तिच्यापेक्षा किती कठीण आहे आणि ती एकूण किती अंतर घासली जाते यांवर अवलंबून असते. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा सगळेच करतात, तिसरीकडे मात्र दुर्लक्ष होते. समजा, आठ सेकंदांच्या लाटा येत आहेत आणि प्रत्येक लाटेबरोबर केबल अवघी एक सेंटिमीटर पुढे जाऊन तेवढीच मागे येते. दिवसाला १०,८०० लाटा होतात, म्हणजे कवच एका दिवसात दगडावरून सुमारे २१६ मीटर घासले जाते. पवनचक्कीचे आयुष्य २५ ते ३० वर्षांचे धरतात आणि त्यातले वादळी दिवस थोडे नसतात. अशा अंतरापुढे पाच मिलिमीटर जास्तीचे बीड म्हणजे थोडी मुदतवाढ एवढेच. हालचाल बंद पडली तर मात्र दहा मिलिमीटरही पुरेसे होतात. म्हणून ग्राहकाचा खरा प्रश्न त्याची केबल कशामुळे हलते आणि तिला कोण थोपवून धरणार, हा आहे.

आता वजनाचा हिशोब करू. कवचाचा आतील व्यास १८० मिलिमीटर धरला आणि भिंत १० मिलिमीटर ठेवली, तर बाहेरील व्यास २०० मिलिमीटर होतो आणि पाण्यातील वजन, म्हणजे उत्प्लावक बल वजा केल्यावर उरणारे वजन, मीटरला सुमारे ३६ किलो भरते. भिंत १५ मिलिमीटर केली की तेच ५६ किलोच्या आसपास जाते, पण बाहेरील व्यास २१० मिलिमीटरच होतो. प्रवाहाचा जोर व्यासाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वजन दीडपटीहून अधिक वाढले तरी पाण्याला धक्का द्यायला मिळणारी रुंदी केवळ पाच टक्क्यांनी वाढली. हेच कवच त्याच मापात पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे केले तर पाण्यातील वजन मीटरला एक किलोही भरत नाही. प्लास्टिकची कवचे दगडांवर का फिरत राहिली, याचे उत्तर बहुतांशी या एका आकड्यात आहे. बिडाचा मोठा गुण त्याचा जडपणा आहे, कठीणपणा त्यामानाने दुय्यम आहे.

वजन आणि वेग यांचे नातेही पाहून ठेवा. केबलचे स्वतःचे पाण्यातील वजन मीटरला २० किलो, दगडांवरचा घर्षणांक ०.६, आणि पाण्याचा आडवा जोर व वर उचलणारा जोर साधारण सारखे, असे मानले तर १० मिलिमीटर भिंतीचे कवच तळालगतचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर होईपर्यंत जागेवर राहते, १५ मिलिमीटरचे सुमारे १.६ मीटरपर्यंत आणि प्लास्टिकचे ०.९ मीटरच्याही आतच सरकू लागते. हा हिशोब ढोबळ आहे. दगडांच्या खाचांत कवच अडकते, लाटेचा जोर सतत एकसारखा नसतो आणि केबलला स्वतःचा ताठरपणाही असतो. तरीही दिशा स्पष्ट आहे. प्लास्टिककडून बिडाकडे येताना मोठा फरक पडतो, तर १० वरून १५ मिलिमीटरवर जाताना लहान. त्या जागेचा वादळातला वेग सेकंदाला दोन मीटर असेल तर दोन्ही जाड्या अपुऱ्या ठरतात आणि कवचावर दगडांचा थर घालून त्याला दाबून धरण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मोकळ्या समुद्रातला वेग आणि खांबाच्या कुशीतला वेग यांत मोठे अंतर असते, हे ग्राहकाच्या कागदपत्रांत अनेकदा स्पष्ट लिहिलेले नसते. आजच्या पवनचक्क्या बहुधा मोनोपाइलवर, म्हणजे तळात ठोकलेल्या एकाच जाड पोलादी नळीवर उभ्या असतात आणि तिचा व्यास आठ ते दहा मीटर किंवा त्याहून अधिक असतो. अशा नळीला वळसा घालून जाताना पाणी दोन्ही बाजूंना वेग घेते. आदर्श स्थितीत बाजूचा वेग मूळ वेगाच्या दुप्पट होतो, आणि जोर वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो चौपट होतो. म्हणजे मोकळ्या पाण्यात सेकंदाला ०.८ मीटरचा साधा भरतीचा प्रवाह खांबाच्या बगलेत १.६ मीटरपर्यंत पोहोचू शकतो. केबल खांबातून कोणत्या दिशेने बाहेर काढायची, याचा निर्णय त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. प्रवाहाच्या आडव्या बाजूला, म्हणजे नेमक्या बगलेत, ती काढू नये असे माझे मत आहे. पण पुढच्या पवनचक्कीकडे जायचा जवळचा रस्ता तोच असला की नकाशा आखणारा केबलचे काही मीटर वाचवतो आणि पुढची सगळी वर्षे त्याची किंमत कवच मोजते.

आता दगडांकडे वळू. खांबासमोर अडलेले पाणी खाली वळते, तळाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा तयार होतो आणि तो वाळू उकरून नेतो. चिकोडी-रायबाग भागात कृष्णेवरच्या पुलांचे काम केलेल्या कोणालाही हा स्कावर, म्हणजे पाण्याने तळ उकरला जाणे, परिचयाचा असतो. पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आय.आर.सी. ७८ या संहितेत लेसीच्या पद्धतीवर आधारलेले सूत्र आहे. त्यातून सरासरी स्कावरची खोली काढतात आणि खांबापाशी ती दुप्पट धरतात. हे सूत्र समुद्रात चालवू नये. ते गाळाच्या जमिनीतून एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्याच्या अनुभवावर उभे आहे. समुद्रात प्रवाह दर सहा तासांनी उलटतो आणि त्यावर लाटांची ये-जा चालूच असते. तिथे वाळूच्या तळासाठी खोलीचा अंदाज खांबाच्या व्यासाच्या सरासरी १.३ पट असा धरतात, आणि या आकड्याभोवतीची अनिश्चितताही मोठी आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळील स्क्रोबी सँड्स येथे २००४ मध्ये सुरू झालेल्या पवनक्षेत्रात ४.२ मीटर व्यासाच्या खांबांभोवती सुमारे पाच मीटरपर्यंत खड्डे मोजले गेले. घट्ट चिकणमातीत हेच काम फार सावकाश होते किंवा जवळजवळ होतच नाही.

खड्डा पडला म्हणजे खांब पडतो, असे नव्हे. धोका बहुधा वेगळ्याच वाटेने येतो. पाती फिरताना खांबाला ठरावीक लयीत धक्के बसतात. मिनिटाला दहा फेऱ्या असल्या तर एक लय ०.१७ हर्ट्झची आणि तीन पात्यांमुळे दुसरी ०.५ हर्ट्झची होते. रचनेची स्वतःची कंपनसंख्या या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात बसवलेली असते. पायथ्याची वाळू गेली की खांबाची मोकळी लांबी वाढते, कंपनसंख्या खाली घसरते आणि लाटांच्या तसेच फेऱ्यांच्या लयीजवळ सरकते, त्यामुळे वेल्डमधील थकवा, म्हणजे वारंवारच्या ताणाने होणारी हानी, लवकर साचू लागतो. यावर एक मार्ग असा की खड्डा पडणारच असे मानून खांब अधिक लांब आणि जाड करायचा व दगडांचा खर्च वाचवायचा. खांबापुरता हा हिशोब अनेक ठिकाणी बरोबर येतो. खांबातून बाहेर पडणारी केबल मात्र त्या खड्ड्यावरून अधांतरी लोंबकळत राहते, वाऱ्यात तार थरथरावी तशी प्रवाहात थरथरते आणि तिच्या पोलादी तारांचा थकवा कोणी मोजलेला नसतो. पायाच्या अभियंत्याने वाचवलेला पैसा अशा रीतीने केबलच्या दुरुस्तीत जातो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक अडचणी अशा हद्दीवरच्या आहेत. पाया एकाचा, दगड दुसऱ्याचे, केबल तिसऱ्याची आणि कवच चौथ्याचे. प्रत्येकाचा भाग स्वतंत्रपणे तपासला तर निर्दोष असतो, पण खांबाच्या छिद्रापासून दगडांच्या कडेपर्यंतच्या वीस-तीस मीटरची जबाबदारी कोणत्याच करारात एका जागी सापडत नाही.

दगडांची रचना साधारणपणे दोन थरांची असते. खाली बारीक खडीचा गाळणीचा थर आणि त्यावर मोठ्या दगडांचा चिलखती थर. हे संरक्षण खांबाच्या व्यासाच्या तीन ते पाच पट रुंदीचे करतात. गाळणीच्या थरात हात आखडता घेतला तर काय होते, ते डेन्मार्कमधील हॉर्न्स रेव्ह १ येथे दिसले. हे पवनक्षेत्र २००२ मध्ये उभे राहिले, आणि पुढील काही वर्षांत खांबांलगतचे दगड दीड मीटरपर्यंत खचल्याचे आढळले. दगड वाहून गेले नव्हते. भोवऱ्याने त्यांच्या फटींतून खालची वाळू ओढून नेली आणि दगड आपल्याच जागी खाली बसले. आपल्याकडे काळ्या जमिनीतल्या रस्त्यावर मुरुमाचा थर न देता थेट मोठी खडी टाकली की पहिल्या पावसाळ्यात ती चिखलात उतरते, तसाच हा प्रकार आहे. दगड कोणता, यालाही महत्त्व आहे. खानापूरकडचा जांभा या कामाला चालणार नाही, कारण तो मऊ, सच्छिद्र आणि हलका असतो. आपल्या उत्तरेकडील काळा बेसाल्ट उत्तम. दगडाची घनता २.६५ ऐवजी २.९ असली तर त्याच प्रवाहात टिकण्यासाठी लागणारा आकार सुमारे तेरा टक्क्यांनी आणि एका दगडाचे वजन जवळपास तीस टक्क्यांनी कमी चालते. दगड लहान झाले की केबलखालचा पृष्ठभागही सपाट होतो, आणि तुमच्या कवचाच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

दगडांऐवजी दुसरे काय, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर जागेप्रमाणे बदलते. वाळू भरलेल्या जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणाऱ्या कृत्रिम कापडाच्या) पिशव्यांचा थर मला गाळणी म्हणून पसंत आहे. त्या वाळू रोखतात, खांब त्यांच्यातून ठोकता येतो आणि चांगला दगड दूरवरून आणावा लागत असेल तिथे त्या स्वस्तही पडतात. जर्मनीतील अमरूमबँक वेस्ट येथे त्या अशाच वापरल्या गेल्या. जाळीच्या पिशव्यांत भरलेले दगड दुरुस्तीसाठी आणि केबल एका जागी दाबून धरण्यासाठी फार सोयीचे असतात, कारण क्रेनने त्या हव्या तिथे अलगद ठेवता येतात. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चटया मोकळ्या तळावर, दोन केबल किंवा केबल आणि पाइपलाइन एकमेकींना छेदतात तिथे, चांगल्या. खांबाच्या जवळ मात्र त्यांच्या कडेखालची वाळू गेली की कड उचलली जाते, आणि एकदा कड उचलली की चटई स्वतःच केबलवर आपटू लागते. कृत्रिम समुद्रगवताच्या चटया पाण्यात भरपूर वाळू तरंगत असेल तरच उपयोगी. पाणी स्वच्छ असले तर त्यांत काही साचत नाही. सुट्या दगडांचा एक गुण मात्र यांपैकी कशातही नाही. कडेला नवा खड्डा पडू लागला की कडेचे दगड आपोआप त्यात घसरतात आणि उतार झाकून टाकतात. त्यामुळे तळ कसा वागेल याबद्दल शंका असेल तिथे मी अजूनही दगडच सुचवतो.

पायाचा प्रकार बदलूनही सारे टळत नाही. तळावर उलटी बादली ठेवून आतले पाणी उपसत ती जमिनीत उतरवण्याची पद्धत २०१४ मध्ये जर्मनीच्या बोर्कुम रिफग्रुंड १ येथे एका पवनचक्कीसाठी आजमावली गेली आणि २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीन किनाऱ्याजवळच्या अकरा पवनचक्क्या तशाच पायांवर उभ्या राहिल्या. हातोड्याचा आवाज टळतो, हा तिचा मोठा लाभ. जर्मनीत खांब ठोकताना ७५० मीटर अंतरावर एका ठोक्याच्या ध्वनीची पातळी १६० डेसिबलच्या आत ठेवावी लागते आणि त्यासाठी खांबाभोवती बुडबुड्यांचा पडदा उभारावा लागतो, तो खर्च वाचतो. परंतु बादलीची भिंत जमिनीत फार खोल जात नाही, त्यामुळे वरची दोन-तीन मीटर वाळू गेली तर तिचे नुकसान मोनोपाइलपेक्षा प्रमाणात जास्त होते. संरक्षणाची गरज तिथे उलट वाढते.

दगड आणि कवच एकमेकांना कसे मारक ठरतात, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण २०२१ मधले आहे. ऑर्स्टेड या डॅनिश कंपनीने त्या वर्षी स्वतःच जाहीर केले की तिच्या दहापर्यंत पवनक्षेत्रांत केबलची संरक्षक कवचे खांबाभोवतीच्या दगडांवर सरकून घासली जात आहेत आणि दुरुस्तीचा खर्च तीन अब्ज डॅनिश क्रोनरपर्यंत जाऊ शकतो. कवच दगडांवर ठेवल्यानंतर त्याला जागेवर धरून ठेवणारा दगडांचा आणखी एक थर वर घातलेला नव्हता. तुमच्या ग्राहकाची तक्रार जवळपास अशीच दिसते. म्हणून त्याला विचारायचा पहिला प्रश्न असा: कवच बसवल्यावर तुम्ही त्यावर दगड टाकणार आहात का? टाकणार असाल तर १० मिलिमीटर बहुधा पुरतील आणि विचार आघाताचा करावा लागेल. टाकणार नसाल तर वजन जितके वाढवता येईल तितके वाढवावे, आणि तरीही दरवर्षी पाहणी करावी लागेल.

आतापर्यंतचे सूत्र एकत्र मांडतो. झिजेचे मूळ हालचालीत आहे. हालचाल वजनाने कमी होते आणि वरून दाबल्याने थांबते. किती वजन आणि किती दाब लागेल हे खांबालगतच्या वेगावर ठरते. आणि दगड, खांब व केबल यांपैकी एकाचा निर्णय दुसऱ्याला भोवतो.

या सगळ्यात कामाचा क्रम फार कळीचा आहे, आणि आपल्या समुद्रात तर अधिकच. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये समुद्रातील पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉट असे उद्दिष्ट ठेवले. दोन्ही जागा एकमेकींहून वेगळ्या आहेत. खंभातच्या आखातात भावनगरकडे भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या वर जातो, प्रवाह जोरदार आहेत आणि गाळ व मऊ चिकणमातीचे थर मिळतात. मन्नारच्या आखातात प्रवाळ आणि संरक्षित सागरी उद्यान आहे, त्यामुळे कुठे किती दगड टाकता येतील यावरच मर्यादा येते. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हे महिने बांधकामाच्या जहाजांसाठी जवळपास बंदच असतात. मे महिन्यात खांब ठोकला, गाळणीचा थर राहून गेला आणि पावसाळा लागला, तर सप्टेंबरनंतर येणाऱ्या दगडांच्या जहाजाला आराखड्यातला सपाट तळ मिळणार नाही. खड्डा पडलेला असेल, त्यात सैल वाळू परत भरली असेल आणि ती मूळ वाळूइतकी घट्ट नसेल. गाळणीचा थर खांबाच्या आधी टाकणे, मोठे दगड खांबानंतर लगेच टाकणे आणि केबल ओढून झाल्यावर तिच्यावरचा थर त्याच हंगामात पुरा करणे, असा क्रम मी आग्रहाने मागतो. तो पाळता येत नसेल तर त्या वर्षी खांबच ठोकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठेकेदारांना ते आवडत नाही.

दगडांच्या पलीकडे केबल तळात पुरली जाते आणि त्या भागाशी तुमचा संबंध कमी, म्हणून थोडक्यातच सांगतो. खोल पुरले म्हणजे सुरक्षित, ही समजूत पूर्ण खरी नाही. मासेमारीचे जाळे वाळूत थोडेच शिरते, जहाजाचा नांगर अधिक खोल जातो, आणि किती खोल पुरायचे हे तिथून कोणती जहाजे जातात त्यावर ठरवतात. गरजेपेक्षा खोल पुरल्यास उष्णता बाहेर पडत नाही, आणि एक्सएलपीई या प्लास्टिकच्या विद्युतरोधक आवरणाच्या केबलमध्ये वाहक ९० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचा नसतो. ज्या तळावर वाळूच्या लाटा सरकतात तिथे आजच्या तळापासून मोजलेली खोली निरुपयोगी असते. वाळूच्या लाटेच्या सर्वांत खालच्या पातळीपासून ती मोजावी लागते. केबलमध्येच असलेल्या ऑप्टिकल फायबरवरून तापमान मोजून कोणता भाग उघडा पडला, हे आता किनाऱ्यावर बसून ओळखता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

उष्णतेचा मुद्दा कवचालाही लागू आहे आणि तिथे बीड पुन्हा सरस ठरते. प्लास्टिक उष्णता अडवते, बीड ती पाण्याकडे जाऊ देते. पण छिद्रापासून दगडांपर्यंतचा लोंबकळणारा भाग बिडाचा करू नका. तिथे वजन वाढले की सगळा ताण खांबाच्या छिद्रावर आणि तिथल्या वाक-नियंत्रकावर (केबलला मर्यादेपलीकडे वाकू न देणाऱ्या भागावर) येतो. लोंबता भाग हलक्या, लवचीक कवचाचा ठेवून दगडांना टेकतो तिथून पुढे, दगडांच्या कडेच्या काही मीटर पलीकडेपर्यंत, बीड वापरावे. ती कड विसरू नका, कारण तिथे हमखास नवा खड्डा पडतो आणि कवच तिथेच संपत असेल तर केबल नेमकी त्याच टोकाशी मुडपते.

तुमच्या मोल्डिंग शॉपशी संबंधित गोष्टी आता सांगतो. धातू एस. जी. आयर्नच हवा, ४००/१५ सारख्या अधिक ताण्यता (न तुटता ताणले जाण्याचा गुण) असलेल्या श्रेणीचा, कारण त्यावर वरून दगड पडणार आहेत आणि साधे करडे बीड तडकते. वरचा पहिला थर लहान खडीचाच टाकावा, असे ग्राहकाकडून लेखी घ्या. समुद्राच्या पाण्यात बीड वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास गंजते असे धरले, तर तीस वर्षांत तीन मिलिमीटर जातात. दहातले सातच उरले की वजनही उतरते, आणि स्थिरतेचा हिशोब त्या उतरलेल्या वजनावर करायला हवा. जाडी वाढवण्याचे हे खरे समर्थन आहे. कवचाचा खांबाशी विद्युत संपर्क राहिला तर खांबाला गंजापासून वाचवणारे ॲनोड तुमच्या बिडालाही पोसू लागतील आणि लवकर संपतील, म्हणून मध्ये प्लास्टिकचा भाग असणे याही दृष्टीने बरे.

फेटलिंगवर, म्हणजे ओतलेल्या नगाच्या साफसफाईवर, विशेष लक्ष द्या. जोडरेषेवरची फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेली धातूची पातळ कड, आतल्या बाजूला राहिली तर ती केबलच्या बाहेरील धाग्यांच्या आवरणात रुतते आणि दगडांनी करायचे नुकसान कवच स्वतःच करून बसते. आतल्या सर्व कडांना गोलाई द्या आणि ती ड्रॉइंगवर मापासह लिहा. दोन तुकड्यांमधला सांधा किती अंशांपर्यंत वळेल हेही ठरवून घ्या. तुकडा अर्धा मीटरचा आणि सांधा कमाल पाच अंश वळणारा असेल तर संपूर्ण कवच सुमारे ५.७ मीटर त्रिज्येपेक्षा अधिक वाकणार नाही. केबलची किमान वाक-त्रिज्या त्याहून कमी असली पाहिजे. बोल्ट कंपनांनी सुटतात, म्हणून त्यांना लॉकिंगची सोय हवी, आणि जहाजाच्या डेकवर हातमोजे घातलेला माणूस ते बसवणार आहे हे ध्यानात ठेवून जागा सोडा. पहिल्या नगांचे जोड ग्राहकाकडून मिळालेल्या केबलच्या खऱ्या तुकड्यावर बसवून वाकवून पाहा.

शेवटची बाब दराची. आपल्याकडे कास्टिंगचा दर किलोवर देण्याची पद्धत आहे आणि ग्राहक नेहमी वजन कमी करायला सांगतो, त्यामुळे पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) थोडा झिजला किंवा कोर (आतल्या पोकळीसाठीचा गाभा) थोडा सरकला आणि नग हलका उतरला तरी कोणी तक्रार करत नाही. या कामात हलका नग हा सदोष नग आहे. ड्रॉइंगवर कमाल वजनाबरोबर किमान वजनही लिहून घ्या, प्रत्येक नग काट्यावर घालून त्याचे वजन नगावरच उठवा आणि दर मीटरवर द्या.